निमगावच्या पायऱ्यांशी पाचवी सवाष्ण

६ फेब्रुवारी, शुक्रवार

गेल्या पावसाळ्यापासून इथं एक ओळही लिहिली नाही. "गाडी बंद केलीत का?" असं विचारणाऱ्यांनाही उत्तर दिलं नाही, त्याबद्दल माफ करा. गाडी चालू आहे. मोहन, माझा नवरा, श्रावणात गेला. ही ट्रॅव्हल्स आम्ही दोघांनी काढली होती. इथले लेखसुद्धा तो बोलायचा आणि मी लिहायचे.

यंदा लग्नसराई असूनही फोन फारसे वाजले नाहीत. या हंगामात कामं आली नाहीत तर गाडी विकायची, असं मी आणि आमचे चालक युसुफभाई यांनी ठरवलं होतं. मग त्यांनीच आठवण करून दिली, "भाभी, साहेब त्या लग्नाच्या ब्लॉगवाल्यांना मेसेज टाकायचे ना? तुम्ही टाकून बघा."

मोहनचा मजकूर फोनमध्ये होताच. 'आम्ही नवरा-बायको मिळून नव्या जोडप्यांना देवदर्शनाला नेतो. एकदा आमच्याबरोबर या, पैसे नकोत, जे दिसेल ते लिहा.' तो मी तसाच पाठवला. 'आम्ही नवरा-बायको' खोडायला बोट गेलं आणि तिथंच थांबलं. याला दुःख म्हणायचं की धंद्याची सोय, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. माणच्या केतकीनं दिलं. ती आयटीत आहे, सुट्टीत लग्नांविषयी लिहिते आणि तिचा ब्लॉग नवऱ्या मुलींइतक्याच त्यांच्या आयाही वाचतात. तिला घेऊन काल चिखलीच्या एका वऱ्हाडाबरोबर निमगावच्या खंडोबाला जाऊन आलो.

जाणार असाल तर गुरुवार बरा. रविवार देवाचा वार, तेव्हा पायऱ्यांवर रेटारेटी असते. शिवाय गुरुवारी बऱ्याच कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे चाकणचा चौक निदान हलतो तरी. नवरदेव ओंकार तिथल्याच कंपनीत. मोशी ओलांडून चाकणजवळ आल्यावर त्यानं खिडकीतून बायकोला आपलं गेट दाखवलं, तर मागून काकू म्हणाल्या, "आज तरी कंपनी सोड की बाबा! तिला काय ओव्हरटाइमला आणलीस व्हय?" सगळी गाडी हसली. चाकणच्या पुढं थांबून मिसळ खाल्ली. रस्सा जहाल, पाव ताजा. सतरा सीटची गाडी दिवसभरासाठी डिझेल, टोल, चालक धरून आठ हजारांच्या आसपास पडते, नारळ-भंडाऱ्याचे वेगळे.

केतकी सारखी टिपणं घेत होती. "सर नाही आले?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. ते खरं होतं, आणि पुरेसं खरं नव्हतं. आरशातून युसुफभाईंनी माझ्याकडं पाहिलं.

निमगावला नवरा बायकोला उचलून पहिल्या पाच पायऱ्या चढतो. त्याआधी पायथ्याशी पाच सवाष्णींनी नवरीची ओटी भरायची, असा या घरचा रिवाज. ओंकारची आई शांताबाई, काकू, वहिनी, बहीण अशा चार झाल्या. शांताबाईंनी तांदळाचं ताट माझ्यासमोर धरलं. "तुमी भरा पाचवी. ही केतकी सांगत हुती, जोडीनं धंदा करता, तुमच्या हाताचं चांगलं."

माझ्या गळ्यात काळे मणी अजून आहेत. मोहननं चिंचवडला घेतलेले. काढावेसे वाटले नाहीत. माझा या रिवाजावर विश्वास नाही. ओंजळ भरून टाकली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण विश्वास माझा नव्हता, त्यांचा होता, आणि ओटीही त्यांच्या सुनेची.

"शांताबाई, माझे मिस्टर श्रावणात गेले."

ताट मागं गेलं. हळूच, कुणाला दिसू नये अशा बेतानं. "आसू द्या," त्या म्हणाल्या आणि शेजारच्या भंडारावालीला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, ओटी भरली आणि पुन्हा पुड्या बांधायला बसली. ओंकारनं बायकोला उचललं. "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं, भंडारा उधळला. वाऱ्यानं थोडा माझ्याही केसांत आला.

केतकी माझ्याशेजारी उभी होती. वही मिटलेली. "मॅडम, मग मी काय लिहू?" ती हळूच म्हणाली. "'जोडीनं चालवलेली', हेच शीर्षक धरलं होतं मी. आणि आता खरं लिहिलं तर... माझ्या वाचक बायका कशा आहेत, माहितीय तुम्हाला."

"आत्ताच पाहिलं," मी म्हटलं.

परतताना गाडीत गाणी लागली, मग थकून सगळे झोपले. युसुफभाई पुढं बघत म्हणाले, "बोललात ते बरं केलंत भाभी. पण धंद्याला लागणार हे."

"माहितीय."

"साहेबांनी पण सांगितलंच असतं." थोड्या वेळानं स्वतःच हसले. "पण ओटी भरून झाल्यावर."

चिखलीत उतरताना शांताबाई मागं राहिल्या. प्रसादाची पुडी माझ्या हातात ठेवून हात तसाच धरून म्हणाल्या, "राग न्हाई आला मला. भ्या वाटलं. पोरीचं समदं नवं हाय."

रावेतला घरी येऊन केस धुतले. पाणी पिवळं वाहिलं आणि मी नळ उगाच चालू ठेवला. मला अपमान वाटायला हवा होता का? वाटला नाही. शांताबाईंचं भय मला कळत होतं, कारण गेल्या वर्षी तेच भय मी दवाखान्याच्या बाकावर बसून काढलं होतं. वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. मोहन गेल्याचं मी परक्या माणसाला पहिल्यांदा स्वतःहून सांगितलं, तेही देवळाच्या पायथ्याशी, ताटातल्या तांदळाकडं बघत.

आज सकाळी केतकीनं लेख दाखवायला पाठवला. रस्ता, मिसळ, युसुफभाईंचं सांभाळून गाडी चालवणं, सगळं आलंय. ट्रॅव्हल्स कोण चालवतं, तिथं तिनं जागा मोकळी सोडलीय आणि लिहिलंय, 'ही ओळ तुम्ही द्या.'

उद्या: केतकीला ओळ पाठवणे. 'ही ट्रॅव्हल्स मोहननं आणि मी काढली. आता मी चालवते.'