परागंदा मिरासदार

माझी आत्या जमीन कचेरीत नक्कल कारकून होती. कसर लागलेल्या जुन्या वह्या समोर ठेवायच्या आणि त्यांची स्वच्छ नक्कल उतरवायची, हे काम तिनं अडतीस वर्षं केलं. तिच्या पानावर खाडाखोड नसे, म्हणून कचेरीत तिला चेष्टेनं रबरबाई म्हणत. तिला ते नाव आवडायचं. पाहुण्यांच्या पत्रांतल्या चुका सुधारून ती पत्र परत पाठवायची. अशा बाईशी घरात कोण वाद घालणार?

निवृत्तीनंतर बारा वर्षांनी, एका सकाळी दोरवाली तिच्याकडे आली. कालव्याकाठी दोरवालीचा जमिनीचा लांबट पट्टा आहे. दोर वळायला लांब, सरळ जागा लागते. एका टोकाला चाक फिरतं आणि वळणारा कमरेला धागे गुंडाळून उलटा चालत जातो. तिच्या चार पिढ्या तिथे उलट्या चालल्या. आता कचेरीची नोटीस आली होती: महिन्याभरात जागा मोकळी करा, तिथे गाड्या उभ्या करायची सोय होणार आहे.

"कचेरी म्हणते आम्ही उपरी," दोरवाली म्हणाली. "आत्याबाई, त्याचा अर्थ सांगा, आणि आता कुणाकुणाचे पाय धरू तेही सांगा."

"पाय कुणाचेच धरायचे नाहीत. आधी बस."

उपरी म्हणजे बाहेरून येऊन परवानगीनं जमीन वापरणारा. परवानगी संपली की त्यानं उठायचं. मिरासदाराचं तसं नाही. मिरास ही बापाकडून मुलाकडे जाणारी हक्काची जमीन, तिथून त्याला ऊठ म्हणायची कुणाची टाप नाही. दोरवालीच्या घरात सगळे सांगत आले की आपली मिरास आहे. पण कचेरीतल्या सर्वांत जुन्या नकलेत तिच्या पणजोबांचं नावच नव्हतं, आणि नंतरच्या कागदांत नुसतं 'वापर चालू' एवढंच. ती नक्कल आत्याच्याच हातची, म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मला वाटलं, दोरवालीचा निकाल लागला.

"मूळ वही काढायला लावू," आत्या म्हणाली.

मूळ वह्या कचेरीच्या माळ्यावर गाठोड्यांत बांधलेल्या होत्या. साहेब तरुण, सभ्य आणि नाही म्हणण्यात तरबेज. नक्कल असताना मूळ बघायची पद्धत नाही, असं त्यानं गोड आवाजात सांगितलं. आत्या तीन दिवस डबा घेऊन त्याच्या दारासमोरच्या बाकावर बसली. चौथ्या दिवशी शिपाई शिडी घेऊन आला.

आम्ही तिघी खिडकीपाशी वही उघडून बसलो. मी शब्दकोश नेला होता, तो तिनं बाजूला सारला. "कोशवाल्यानं ही वही लिहिलेली नाही. लिहिणाऱ्यानं शब्द कुठे कुठे वापरलाय ते बघ, तो आपणच बोलेल."

आणि बोलला. उपरी निघून गेला की त्याच्या नावावर आडवी रेघ आणि वर नव्या माणसाचं नाव. मिरासदार निघून गेला तर रेघ नाही. बाजूला बारीक अक्षरात 'परागंदा', म्हणजे घरदार सोडून गेलेला, आणि त्याच्या जागी दुसरं नाव कुठेच नाही. कित्येकांची पुढच्या पानावर वेगळ्या शाईत नोंद होती, 'परत आला, मिरास पूर्ववत'.

"बघ," आत्या दोरवालीला म्हणाली, "माणूस गेला तरी मिरास जात नव्हती. त्याची जागा राखून ठेवत."

दुपारी पणजोबा सापडले. 'दोरवाले, मिरास, परागंदा.' परत आल्याची नोंद पुढच्या पानावर असणार, पण ते पान कसरीनं खाल्लं होतं. मी म्हटलं, पणजोबा परत आले नाहीत, तर ही बाई काय आभाळातून पडली? दोरवाली रडता रडता हसली.

आत्या हसली नाही. तिनं स्वतःची नक्कल मागवली आणि शेजारी ठेवली. मूळ पानावर तेवीस नावं होती, नकलेत एकोणीस. चारही परागंदा गळलेले.

"मीच गाळले," ती म्हणाली. "बावीस वर्षांची होते. वाटलं, जो इथे नाहीच त्याचं नाव कशाला? पान सुटसुटीत दिसलं."

मला तिची फार दया आली. मी हळूच म्हटलं, "मूळ वही दाखवली की काम झालं. कुणी गाळलं ते कशाला सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

एखाद्या अशुद्ध शब्दाकडे पाहावं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. "उद्या म्हणतील, मूळ वहीत मागाहून कुणीतरी लिहिलं. नक्कल खरी का मूळ खरं, हे नक्कल करणारीनंच सांगायला हवं."

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबाला लेखी जबाब दिला. त्यानं तो दोनदा वाचला आणि उठून तिला आपली खुर्ची दिली. "बाई, एका पानावर नजरचूक झाली, एवढंच लिहू या."

"नजर शाबूत होती. समजूनउमजून गाळलंय," आत्या म्हणाली. "आणि एका पानावर नाही. चौसष्ट वह्या मी उतरवल्या. सगळीकडे असंच केलं असणार."

साहेबाची लेखणी थांबली. मला तर आत्याचा रागच आला. विचारलं होतं का कुणी?

दोरवालीची नोटीस रद्द झाली. पट्ट्यावर चाक फिरतंय.

त्याला आता दोन वर्षं झाली. आत्या रोज अकराला कचेरीत जाते. ना पगार, ना पद. तिला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी मूळ वाचते आणि ती नकलेच्या समासात गाळलेलं नाव लिहिते. सव्वीस वह्या झाल्या आहेत.

गेल्या आठवड्यात मी एक नाव वाचलं आणि तिचा हात थांबला.

"या घराला उठवलं तेव्हा मी इथेच होते," ती म्हणाली. "त्यांची म्हातारी माझ्या मेजापाशी आली होती. मी तिला माझी नक्कल उघडून दाखवली. म्हटलं, आजी, तुमचं नाव नाहीच."

"मग?"

"माझं अक्षर चांगलं आहे म्हणाली. आणि गेली."

आत्यानं ते नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत थांबली.

"पुढचं वाच," ती म्हणाली.