स्टोअरकाकांच्या होडीची हजेरी

स्टोअरकाका होडीत पाय ठेवण्याआधी होडीची हजेरी घ्यायचे. शाळेत मास्तर घेतात तशी. शाळेत एखादं मूल गैरहजर असलेलं चालतं. काकांच्या होडीत स्पंजाचा तुकडा गैरहजर असला तर अख्खी सहल रद्द. काठावर उभं राहून, हात पाठीमागे बांधून, ते एकेका वस्तूचं नाव पुकारायचे आणि होडीत बसलेल्या माणसानं त्या वस्तूला हात लावून "हव", म्हणजे हो, म्हणायचं. होडीत बसलेला माणूस म्हणजे मी. दर रविवारी पहाटे उठून हे करायला दुसरा कोण मिळणार?

"दोर?"

"हव."

"पंप?"

"हव."

"हात लाव, मग हव म्हण. तोंडानं पंप सापडत नसते, सुधीरबाबू."

होडी म्हणजे तरी काय, हवा भरायची पिवळी रबराची होडी. दोन माणसं बसतील एवढी, तीही दोघांचं नुकतंच भांडण झालेलं नसेल तर. काका रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा पुण्याच्या जावयानं ती पाठवली. रायपूरहून समुद्र कुठल्याही दिशेला गेलं तरी लांबच, हे जावयाच्या लक्षात आलं नसावं. काकांनी ती खोक्यातून काढली, उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "हिच्यात एकही खण नाही. सामान ठेवायचं कुठं?" माणसं कुठं बसायची, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

पडणार कसा? सगळी नोकरी रेल्वेच्या भांडारात गेलेली. नट मागा, वायसर मागा, कंदिलाची काच मागा. काका "बघतो" म्हणत नसत. मागे वळायचे, हात घालायचे, वस्तू टेबलावर. कॉलनीत सगळे त्यांना स्टोअरकाकाच म्हणत. निवृत्तीनंतर या प्रतिभेला जागा उरली नाही. तीन दिवस त्यांनी काकूंच्या स्वयंपाकघरात सुधारणा केल्या. चौथ्या दिवशी काकू म्हणाल्या, "हिंगाले हात लावाल तर पाहा. तुम्ही आपल्या त्या होडीत जाऊन बसा." काकांनी ते अक्षरशः घेतलं.

मग भनपुरीला ट्रकच्या ताडपत्र्या शिवतात तिथून ताडपत्रीचे तुकडे आले. गोल बाजारातल्या शिंप्याकडे मीच त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. कागदावर काढलेले अकरा खिसे पाहून शिंपी म्हणाला, "चाचा, ये क्या है? स्कूल का बस्ता?"

"नाव का बस्ता है, भैया. सिलाई डबल मारना."

शिंप्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मी त्यांचा शेजारी आहे, नातेवाईक नाही, हे सांगायची संधी त्यानं दिली नाही.

ते खिसे काकांनी होडीच्या आत, कडेच्या दोराला बांधले. जड वस्तू तळाशी, मधोमध. ओलं डावीकडे, कोरडं उजवीकडे, आणि या दोघांची गाठ पडली तर काकांचं तोंड सुतकी. प्रत्येक वस्तूला एक सुतळी, म्हणजे होडी उलटली तरी सामान वाहून जाणार नाही. माणसांना सुतळी नव्हती. टोकदार वस्तूंवर तर त्यांचा विशेष डोळा. चाकू जुन्या मोज्यात, मोजा डब्यात, डबा खिशात. माझ्या किल्ल्या काठावरच जप्त व्हायच्या. एकदा लग्नाची अंगठीही काढायला लावली. घरी गेल्यावर बायकोला काय सांगायचं याच्यासाठी मात्र होडीत खिसा नव्हता.

सगळ्यात कहर म्हणजे आंधळी परीक्षा. पाण्याच्या मधोमध गेलो, जरा बरं वाटायला लागलं, लांब कुठे बगळे दिसले, की काका ओरडणार, "डोळे मीट! शिट्टी!" मी चाचपडायचो.

"काहून रे, पापणीच्या फटीतून पाहून राहिला का? संकट आलं की डोळे पहिले बावरतात. हाताले जागा पाठ पाहिजे."

मी मनात म्हणायचो, गुडघाभर पाण्यात कसलं संकट येणार आहे. पाणी गुडघाभर नव्हतं. धमतरीच्या वाटेवरचा तो लहानसा जलाशय मधोमध चांगला खोल होता. पण उपहास करताना खोली कोण मोजतो?

त्याच पाण्यात एक केवट मासे धरायचा. लाकूड कोरून केलेला त्याचा डोंगा, त्यात एक बांबू, एक जाळं आणि तो. आमची हजेरी संपेपर्यंत त्याची एक फेरी होऊन जायची. जाता जाता तो हसून विचारायचा, "बबा, आज सबो झन आय हें?" सगळे आलेत का, असं. काका गंभीरपणे सांगायचे, "हव, सब हाजिर." मला लाज वाटायची. आता वाटते ती लाज वेगळी आहे.

तिच्याकडे येतो. बरीच वर्षं टाळलं, आता आणखी बगळे दाखवण्यात अर्थ नाही.

हजेरीत सातवी वस्तू असायची थैली. दोर, पंप, वल्ही, शिट्टी, स्पंज, जाकिटं, थैली. पंक्चर काढायचं सामान: रबराचे तुकडे, चिकटवायच्या द्रावणाची नळी, घासायचा कागद. तिची जागा बैठकीच्या उजवीकडे, सगळ्यात हाताशी. काका म्हणत, "बाकी दहा सामानं फिरायले येतात. ही एकटी ड्यूटीवर असते." मी तिला काकांच्या म्हाताऱ्या मेहुणीसारखा मान द्यायचो, म्हणजे काम पडेल असं कधी वाटलं नाही.

थंडीतला रविवार होता. मी नवा स्पीकर घेतला होता, मुठीएवढा, मोबाइलवर गाणी लावायचा. पाण्याच्या मधोमध गाणं लावून काकांना चकित करायचं, त्याचा व्हिडिओ काढायचा आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा, असा माझा थोर बेत. आधी सरळ विचारलं होतं. काका म्हणाले, "गाणी जमिनीवर वाजव. गाण्याले इथं जागा नाही." झालं. पन्नाशीच्या माणसाला कुणी जागा नाही म्हटलं की तो पोट्ट्यासारखा वागतो. काका दोर सोडायला गेले तेवढ्यात मी थैलीची सुतळी सोडली, थैली गाडीच्या डिकीत टाकली आणि तिच्या खिशात स्पीकर सारला. फुगवटा अगदी तेवढाच.

"थैली?"

मी फुगवट्याला हात लावला. "हव."

व्हिडिओ काढायची वेळ आलीच नाही. पाण्याखाली बुडालेल्या एका झाडाचा खुंट डाव्या बाजूला घासला आणि होडीनं सुस्कारा सोडला. काकांनी वल्ही आत घेतली. खरं सांगतो, ते आनंदले होते. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणी तरी भांडारात मागणी घेऊन आलं होतं. डाव्या बाजूला वाकून त्यांनी भोकावर अंगठा दाबला. ते तिकडे वळले असताना मी स्पीकर खिशातून काढून जर्किनच्या आत घातला. एवढी चपळाई मी आयुष्यात दुसऱ्या कशात दाखवली असेल असं वाटत नाही.

काकांनी माझ्याकडे मागितलंच नाही. डोळे मिटले, ऐटीत, आणि उजवा हात मागे पाठवला. हात बरोबर खिशात गेला. खिशात काही नव्हतं. हात आत तसाच राहिला, जरा वेळ. मग त्यांनी डोळे उघडले.

"सुधीरबाबू, थैलीले तू हव म्हटलं होतं ना?"

इथं मी खरं बोललो असतो तर काय झालं असतं? काका ओरडले नसते. ते ओरडणारे नव्हतेच. पुढच्या रविवारी त्यांनी हव म्हणायला दुसरा माणूस शोधला असता, एवढंच. आणि इतकी वर्षं ज्या रविवारांची मी टिंगल केली, ते हातचे जातील या भीतीनं माझं तोंड उघडलं.

"काका, थैली तुम्ही आज विचारलीच नाही. जाकिटांवरून एकदम पुढं गेलात."

काका माझ्याकडे पाहत राहिले. संशयानं नाही. संशयानं पाहिलं असतं तर फार बरं झालं असतं. ते मनात हजेरी पुन्हा घेत होते. ओठ हलत होते. दोर, पंप, वल्ही. मग म्हणाले, "असं झालं का?"

केवटानं डोंगा आमच्याकडे वळवला. "का होगे बबा?" काय झालं, असं त्यानं विचारलं. बांबू, जाळं आणि केवट या तीन वस्तूंच्या बळावर आमची अकरा वस्तूंची होडी ओढत काठाला आली. काकांचा अंगठा भोकावरून हलला नव्हता.

डिकीतली थैली मी दुसऱ्याच दिवशी गुढियारीतल्या एका पंक्चरवाल्याला देऊन टाकली. घरात सापडली असती तर? असे बारीकसारीक विचार मला फार छान सुचतात.

त्यानंतर होडी निघाली नाही. मी दर रविवारी विचारायचो, तेवढा सभ्यपणा माझ्यात आहे. काका म्हणायचे, "नको रे. मी तुले बुडवीन एखाद दिवस." काकू सांगायच्या की संध्याकाळी अंगणात उभे राहून एकटेच हजेरी म्हणतात, आणि सातव्याशी आले की थांबतात. मग घरात चिठ्ठ्या लागायला लागल्या. मसाल्याच्या डब्यांवर, कपाटांवर, फ्रिजवर: "दूध, वरचा कप्पा." गॅसजवळ: "बंद केला?" ज्या माणसाचा हात अंधारात वायसर काढायचा, तो दिवसाउजेडी मिठाच्या डब्यावरचं नाव वाचून मग झाकण उघडू लागला. डॉक्टर म्हणाले, "अंकल, उमर के हिसाब से सब ठीक है." काकांना वाटलं, डॉक्टर मन राखतोय. पुण्याच्या लेकीनं फोनवरून स्कूटरची किल्ली काढून घ्यायला लावली. काकू रोज ब्राह्मीची गोळी द्यायच्या. आणि मी? मी काकांना अक्रोड खायचा सल्ला दिला. गोल बाजारातून पाव किलो आणूनही दिले. असा शेजारी भाग्यानं मिळतो.

अक्रोडांची पिशवी मात्र मला पचली नाही. दीड वर्षानं एका दुपारी गेलो आणि सगळं सांगितलं. स्पीकर, डिकी, जर्किन, पंक्चरवाला. काही गाळलं नाही. "काका, तुम्ही थैली विचारली होती. मी हव म्हटलं होतं. तुम्ही काहीच विसरला नव्हता."

काकांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "थैली आहे तुझ्याजवळ?"

"सांगितलं ना, देऊन टाकली. आज सकाळी पुन्हा त्या दुकानात जाऊन आलो. त्याच्याकडे काही उरलेलं नाही."

"आणि ते गाण्याचं मशीन?"

"बिघडलं. मागच्या दिवाळीत फेकलं."

काका हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. माझ्या गुडघ्यावर थाप मारून त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक दिली, "अवो, ऐकलं का? हा सुधीर माह्यासाठी चोरी अंगावर घेऊन राहिला. म्हाताऱ्याची इज्जत राहावी म्हणून कहाणी रचून आणली त्यानं. पंक्चरवाल्यासकट!"

"काका, देवाशप्पथ..."

"राहू दे बाबू. एवढं माह्या पोटच्या पोरीनं नाही केलं."

काकू बाहेर आल्या. त्यांचे डोळे भरले होते. "भला माणूस आहे तू," असं म्हणून त्यांनी मला चिवड्याचा डबा भरून दिला. मी तो घेतला. घरी येऊन खाल्लाही. त्यानंतर दोनदा पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा काकांनी माझा हात हातात घेऊन गप्प केलं. दुसऱ्या वेळी तर डोळे पुसले. मग मी सांगणं सोडलं, कारण सांगितल्यानं माझी किंमत वाढत चालली होती.

काका गेले त्याला आता आठ महिने होतील. झोपेत गेले. डोक्यात म्हणाल तर शेवटपर्यंत काही बिघडलं नव्हतं. फक्त त्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावून कोपऱ्यातली ताडपत्रीची मोठी पिशवी दाखवली. होडी घडी करून आत. वल्ही बाजूला बांधलेली. एकेक खिसा सुतळीसकट जागेवर आणि सातव्या खिशात नवीकोरी थैली. काकांनी माझ्या नकळत कधीतरी आणवली होती. पिशवीच्या गळ्यात चिठ्ठी लोंबत होती, त्यांच्या त्या भांडारातल्या ठसठशीत अक्षरात:

"होडी. सुधीरला द्यावी. खरा माणूस."

सगळ्या नोकरीत आणि नंतरही काकांनी हजारो वस्तूंना चिठ्ठ्या लावल्या असतील. चुकीच्या वस्तूला लागलेली एवढी एकच, आणि तीसुद्धा माझी करणी.

आपल्या मंडळाची स्मरणिका काकू पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, जाहिरातींसकट. म्हणून हे इथं लिहिलं. तोंडी सांगितलं तर त्या पुन्हा चिवडा देतील. काकू, चष्मा लावा आणि नीट वाचा. पुण्याला फोन करून लेकीलाही वाचून दाखवा. त्या रविवारी काकांनी काठावर उभं राहून अकरा नावं घेतली. अकराही ओळीनं, एकही न गाळता. सातवी थैली होती. हव मी म्हणालो होतो.