सुईखालची नदी

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीपर्यंतचं, तेव्हा चुका माफ असाव्यात.

राजापेठेतल्या माझ्या शिवणकामाच्या दुकानावर आता फ्लेक्स आहे. आधीची पाटी एका पेंटरने रंगवली होती. बोलताना तो डोळे मिटायचा. लाकडाचं माप घेता घेता त्याने विचारलं, "ताई, सपनात काय दिसते तुमाले?"

मी लाजत म्हटलं, "माहेरची नदी. कौंडण्यपूरची."

त्याने पाटीवर शिलाई मशीन काढलं. सुईखालून कापडाच्या जागी जरीकाठाची नदी वाहत होती.

यजमान मला म्हणाले, "तू ब्लाऊज शिवून राहिली का मासे इकून राहिली?" त्यांनी पेंटरला दिलेले पैसे परत मागितले.

तो डोळे मिटून म्हणाला, "याले सर्रिअलिझम म्हणतेत, भाऊ. सपनातलं जागेपणी काढाचं. तिकडे युरोपात शंभर वर्साआधी असे चित्रकार झाले. लोक त्यायलेबी हसले. आता कलेच्या इतिहासात त्यायचा धडा हाय."

मला पाटी आवडली होती.

त्याचे पैसे फिटेपर्यंत पाटी दुकानातच ठेवायची, मग ती त्याने घेऊन जायची, असं ठरलं. दुपारी कोणी नसलं की मी तिच्यासमोर बसायची. तो दर शनिवारी थोडे थोडे पैसे आणून द्यायचा.

शेवटच्या शनिवारी म्हणाला, "मोजून घ्या, ताई."

मी दोनदा मोजले. एक नोट कमी निघाली असती, तर नदी आणखी आठवडाभर राहिली असती.

पैसे पूर्ण होते.