आत्याच्या दुखवट्यात बास्केटबॉल

एदुविहेस आत्या आयुष्यभर कुणाच्या सोयीने वागली नाही, तर मरताना कशाला वागेल? त्रेपन्न सालच्या मार्चमध्ये सान्तियागोत बायकांच्या बास्केटबॉलची पहिली जागतिक स्पर्धा भरायची होती, चिलीच्या संघात तिची भाची ओदिला हिचं नाव लागलं होतं, आणि बाईने नेमका तोच मुहूर्त साधला.

ओदिला दिवसा बुटांच्या कारखान्यात टाचा ठोकायची आणि संध्याकाळी चर्चमागच्या अंगणात चेंडू आपटायची. उंची बेताचीच, पण कोपरं अशी की एकदा अंगावर आलेली पोरगी दुसऱ्यांदा येताना विचार करायची. हे सगळं चोरून, कारण घर आत्याचं. ओदिलाचे वडील गेल्यावर आत्याने भावजयीला आणि भाचीला ठेवून घेतलं आणि त्या उपकाराची आठवण रोज करून दिली. चड्डी घालून चारचौघांत उड्या मारणाऱ्या पोरींसाठी नरकात वेगळी खोली असते, असं ती ठणकावून सांगायची. तिकडची बातमी तिला कुठून मिळायची, देव जाणे. पुढे ती अंथरुणाला खिळली, तरी जीभ हिंडतीफिरती होती. ओदिलाची आई क्लोरिंदा मान खाली घालून तिचं हगणंमुतणं काढत राहिली.

आत्याला पुरून आल्यावर आईने रेडिओवर काळं फडकं टाकलं आणि ओदिलापुढे काळे मोजे ठेवले.

"वर्षभर दुखवटा. खेळबीळ बंद."

"अगं आई, जगभरच्या पोरी येतायत!"

"येऊ देत. आपल्या वन्सं गेल्यात. लाल बनियन घालून नाचलीस तर लोक तोंडात शेण घालतील."

ओदिलाला रडू फुटलं. ते आत्यासाठी नव्हतं हे सांगायला नकोच. असा मौका जन्मात पुन्हा येणार नव्हता. आमच्या गल्लीत दुखवट्याच्या वरचढ एकच गोष्ट होती, ती म्हणजे नवस. चर्चमधल्या कार्मेनमातेला बोललेला नवस चुकवायची छाती कुणाची नव्हती, पाकीटमारांचीसुद्धा. ओदिलाने डोळे पुसले आणि बेधडक थाप ठोकली.

"आई, मी नवस बोललेय. स्पर्धेत खेळेन म्हणून."

"कशासाठी बोललीस?"

एवढ्या पुढचा विचार तिने केला नव्हता. "आत्याची... सुटका व्हावी म्हणून. हाल बघवत नव्हते ना."

आई मटकन खाली बसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे तू मारलंस त्यांना?"

"मी कशाला मारू? मातेने नेलं!"

आईने छातीवर क्रूसाची खूण केली, मग पुन्हा एकदा केली. "मग फेडायलाच हवा," ती पुटपुटली. "पण नीट फेड. नुसतं बाकावर बसून नवस फिटत नाही."

ओदिलाच्या नशिबी नेमका बाकच आला. कोच अबेलार्दोला उंच पोरी लागायच्या. ही टॉवेल सांभाळायला बरी. दर सामन्याला आई शेजारणींना घेऊन यायची, सगळ्या काळ्या शालीत, हातात जपमाळा. आजूबाजूचे लोक शिट्ट्या मारत असायचे आणि या बायका प्रेतयात्रेला आल्यासारख्या बसायच्या.

शेवटचा सामना धिप्पाड अमेरिकन पोरींशी होता. चिली मागे पडली होती, वेळ संपत आला होता आणि ओदिला अजून टॉवेलांच्याच घड्या घालत होती. आई उठली आणि थेट कोचच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"अहो, माझ्या नणंदेचा जीव अधांतरी लटकलाय! पोरीला आत घ्या!"

"बाई, जागेवर बसा."

"बसते. मग रात्री त्याच येतील तुमच्याकडे. मी पत्ता देते त्यांना."

मागचे लोक खो खो हसले. मग कुणीतरी ओरडलं, "नवस फेडा!" आणि बघता बघता सगळं मैदान तेच ओरडू लागलं. अबेलार्दो भुताखेतांना भ्यायला की लोकांना, कोण जाणे. त्याने ओदिलाला खूण केली.

पहिला चेंडू तिच्या हातून निसटला. दुसऱ्या वेळी तिने एका अमेरिकन पोरीच्या बरगडीत कोपर खुपसलं आणि पंचाची शिवी खाल्ली. तिसऱ्या वेळी तिने त्या लांबलचक हातांच्या खालून घुसून चेंडू फेकला. तो कड्यावर घुटमळला आणि आत पडला. चिली हरलीच, पण त्या एका बास्केटसाठी शेजारणींनी शाली हवेत उडवल्या.

घरी चालत येताना ओदिलाला राहवेना. आनंद पोटात मावत नव्हता आणि त्यातच ती थाप टोचत होती.

"आई, रागावू नकोस. नवसबिवस काही नव्हता."

"होता."

"अगं, मी खोटं..."

"तू नव्हतीस बोलली. मी बोलले होते. वन्सांना ने आणि माझ्या पोरीला खेळू दे, म्हटलं मातेला. तू नवसाचं काढलंस तेव्हा वाटलं, मातेने तुला सांगितलं की काय."

ओदिला रस्त्यातच थांबली. "मग एवढा दुखवटा कशाला मांडला होतास?"

"भीतीने, बाई," आई म्हणाली. "माता इतक्या लगेच ऐकेल असं वाटलं नव्हतं."