निळा अंगठा

लीलाबाईला मी बावीस वर्षं ओळखतो, आणि एवढ्या वर्षांत तिच्या बोटांची सालटी निघालेली नाहीत असं मी कधी पाहिलं नाही. अकोल्यात हेमचंद्रशेठच्या कारखान्यात ती सोड्याच्या पुड्या भरते. एका टेबलावर खायचा सोडा, दुसऱ्यावर धुण्याचा. पुड्या छापायचं काम माझ्या छापखान्याकडे, म्हणून माझं तिथं येणं-जाणं. बाई मूळची पातूरकडची. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण बोलण्यात भल्याभल्यांना हार जायची नाही.

दोन्ही सोडे पांढरेशुभ्र. खायच्यानं भजी फुलतात, धुण्याच्यानं तोंड भाजतं, लहान लेकराचा तर घसाच जळतो. म्हणून शेठच्या वडिलांनी पुड्या अशा करून ठेवल्या होत्या, की कोणी चुकूच नये. पिवळ्या पुडीवर कढई, निळ्या पुडीवर धुण्याचा दगड. चित्रं बेंगरूळ होती, मीच छापायचो, मला माहीत. पण खेड्यातली बाई दुकानात जाऊन 'कढईवाला दे' म्हणायची आणि काम भागायचं.

मागच्या वर्षी शेठचा मुलगा पुष्कर पुण्याहून ब्रँडिंग शिकून आला. पोरगा वाईट नाही. त्यानं आम्हा सगळ्यांना चहा पाजून समजावलं, की धंद्याला एक चेहरा लागतो. एकच रंग, एकच चिन्ह, एकच अक्षरवळण. म्हणजे आपला माल दुकानाच्या फळीवर लांबूनच ओळखू येतो आणि गिऱ्हाईक नावावर विश्वास ठेवतं. पटण्यासारखंच होतं. नवी पुडी पांढरी, मधोमध हिरवं गोल चिन्ह आणि खाली नाजूक अक्षरांत 'खायचा' नाहीतर 'धुण्याचा'. माझ्या मशीनवरून इतकं देखणं काम आजवर उतरलं नव्हतं.

लीलाबाईनं दोन्ही पुड्या उलटसुलट करून पाहिल्या.

"दादा, वाचणाऱ्याले नाव दिसते. माह्यासारखीले काय दिसन?"

आजकाल सगळेच वाचतात, असं म्हणून पुष्कर हसला. ती वाद घालत बसली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या टेबलावर निळीची वाटी आली. धुण्याच्या सोड्याची पुडी बंद झाली की ती अंगठा निळीत बुडवून पुडीवर दाबायची. तिचं पाहून बाकीच्या बायाही तसंच करू लागल्या. दुकानदारांना तिनं निरोप धाडले, माहेरी स्वतः जाऊन सांगून आली. दोन-तीन महिन्यांत खेडोपाडी माहीत झालं, की निळा अंगठा असेल तो सोडा तोंडात घालायचा नाही. मला मनातून गंमत वाटायची. पुण्याच्या शिक्षणाला आमच्या अंगठेबहाद्दर बाईनं पाणी पाजलं होतं.

मग अमरावतीच्या एका मोठ्या दुकानानं माल परत पाठवला. पुड्यांवर डाग आहेत म्हणाले. पुष्करनं वाटी मोरीत रिकामी केली आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "वामनराव, तुम्हीच सांगा. बरं दिसतं का हे?"

बरं दिसत नाही, असं मी म्हणालो. सांगायला लाज वाटते, पण तसंच म्हणालो. माझी देखणी छपाई त्या अंगठ्यानं बिघडत होती.

लीलाबाई माझ्याकडे बघत राहिली. "लोकायले आता सवय लागली भाऊ. अंगठा नसन तं खायचाच समजतीन."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पुष्करला मी सांगून पाहिलं, त्यानं पुढच्या छपाईत बघू म्हटलं. माल तर रोज जातच होता. पेपर आला की मी आधी तालुक्याच्या बातम्या बघू लागलो. लीलाबाईनं नवे निरोप धाडले, पण ते सगळ्यांपर्यंत पोचत नव्हते; बाहेरगावच्या माणसाला गाठून ती विचारायची, तिकडं कोणी आजारी नाही ना.

मे महिन्यात तिच्या नातीचं, आकांक्षाचं लग्न माहेरच्याच गावी होतं. मी मुद्दाम गेलो. मंडपामागं चंद्रभान आचारी भजी तळत होता. त्याच्या पाटाशी एक पांढरी पुडी पडली होती, माझीच. उचलून पाहिली, तर खालचा कोपरा फाडलेला, नेमकी अक्षरंच गेलेली. छापणारा मी, पण हातात कोणती पुडी आहे ते मला सांगता येईना. हा सोडा कोणता, असं मी चंद्रभानला विचारलं.

"खायचा," तो झारा हलवत म्हणाला. "अंगठा नाई ना त्याच्यावर. लीलाबाईनंच तं सांगतलं होतं."

लीलाबाई मागंच उभी होती. तिनं पुडीतली चिमूट जिभेच्या टोकाला लावली आणि लगेच थुंकली. ती वाकली आणि कढईखालची जळती लाकडं हातानं बाहेर ओढली. मग तिनं विचारलं, "किती घाणे काढले?"

"हा तिसरा."

पहिली पंगत लेकरांची बसवली होती. मंडपातून एकेक लेकरू पाणी मागू लागलं होतं.