झाड आणि झाड़

लखनौच्या कचेरीबाहेर मी पंचवीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. शाळा सातवीत सुटली. तरीही माझ्या मसुद्यातला एखादा शब्द चुकला, असे कोणत्याही साहेबाने मला सांगितलेले नाही. जो एक चुकला तो माझ्याच अर्जातला होता, म्हणून ती हकीकत मीच नोंदवणे योग्य.

नव्वदच्या दशकात आम्ही गोमती नगरात राहायला गेलो, तेव्हा कुंपणाबाहेरच्या मोकळ्या पट्टीत मी करवंदाचे रोप लावले. आम्ही साताऱ्याकडचे. करवंद डोंगरात आपोआप येते, ते कोणी मुद्दाम लावते हे पत्नीला पटेना.

"काट्यांना पाणी घालणारे तुम्ही पहिलेच," ती म्हणाली.

तिसऱ्या वर्षी जाळी पांढऱ्या फुलांनी भरली आणि त्यांचा वास थेट स्वयंपाकघरात शिरला. पुढे हिरवी करवंदे लागली, आणि बुलबुलाच्या एका जोडीने आत, काट्यांच्या आडोशाला, घरटे बांधले. आम्ही उभयतांनी रीतसर वाटणी केली: खालच्या फांद्यांची कच्ची करवंदे तिच्या लोणच्याला, वरची, काळी होईपर्यंत राखलेली, पाखरांना.

घरट्यात पिल्ले दिसू लागली त्याच आठवड्यात त्या पट्टीतून नाली खोदणार अशी कुणकुण लागली. जाळी वाचावी म्हणून मी कॉलनीच्या कार्यालयात हिंदीतून अर्ज दिला. त्यात लिहिले, 'प्रार्थी के घर के सामने जो झाड़ है, उसके विषय में अविलंब उचित कार्यवाही करने की कृपा करें.'

तिसऱ्या दिवशी सकाळी जमादार दोन मजूर आणि कुऱ्हाड घेऊन दारात उभा.

"बाबूजी, आप ही की अर्ज़ी है. कहाँ है झाड़-झंखाड़?"

पत्नी पदर खोचून जाळीपुढे उभी राहिली. "अहो, तुमच्या अर्जाला इतक्या लवकर दाद मिळालेली मी आजच बघते आहे."

कॉलेजात जाणाऱ्या आमच्या मुलीने अर्ज वाचला आणि हसू आवरत म्हणाली, "पापा, झाड मराठी में पेड़ होता है. यहाँ झाड़ मतलब झाड़-झंखाड़, कचरा. आपने कटवाने की अर्ज़ी दी है."

मी तिथेच कुंपणाच्या भिंतीवर कागद ठेवून दुसरा अर्ज लिहिला. 'झाड़' शब्द मागे घेतला. 'करौंदे का फलदार पौधा, जिसमें पक्षी सपरिवार निवास करते हैं' असे घातले. जमादाराने तो दोनदा वाचला.

"वादी भी आप, प्रतिवादी भी आप," तो म्हणाला. "फ़ैसला मैं करूँ?"

"मौक़े का मुआयना कर लीजिए," मी म्हणालो आणि फांदी जपून बाजूला केली. आत तीन उघड्या चोची होत्या. तो बराच वेळ वाकून पाहत राहिला. मग त्याने मजुरांना नालीच्या आखणीची दोरी दोन हात पलीकडे ओढायला सांगितली आणि जाताना पत्नीकडे लोणच्याची चौकशी केली. दोन आठवड्यांनी त्याला एक बरणी पोहोचली.

पिल्ले उडाली, वरची करवंदे काळी झाली. सकाळी बुलबुलांचा गलका सुरू झाला की पत्नी चहा ठेवताना आतून सांगायची, "उठा, तुमचे पक्षकार आलेत."