दोन सुयांची टीप

माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या पर्सची आतली शिवण बघणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती अठ्ठावीस वर्षं ऑफिसात माझ्या समोरच्याच टेबलावर बसत होती. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती भेटायला आली. खाटेशी बसलेल्या माझ्या नणंदेची पर्स तिने उचलली, उघडली, आत नाक खुपसलं, "रेक्झिन," असा निकाल दिला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हं, तू कशी आहेस?" नणंद आजही तिचं नाव काढलं की पर्स पदराखाली घेते.

तिच्याकडे चार परदेशी बॅगा आहेत, चारही जुन्या, कुणी तरी वापरून टाकलेल्या. अंधेरीच्या एका दुकानातून ती त्या फाटक्या-तुटक्या अवस्थेत आणायची आणि महिनोन् महिने दुरुस्त करत बसायची. रविवारी मुलुंडच्या तिच्या बाल्कनीत मलमलच्या फडक्यावर त्यांची ओळ लागे. ऊन चालायचं नाही, वारा हवा. तेल ती फडक्याने लावत नसे, तळहाताने चोळायची. एका बॅगेवर पाण्याचा मोठा ओघळ होता. मी म्हटलं, हा डाग काढ ना. ती दुखावलीच. "डाग नाही गं तो, वय आहे तिचं. नवी बॅग काय, कुणीही घेईल. हे कातडं कुणाच्या तरी हातात वीस वर्षं मुरलंय." बॅगा करणारी ही बडी घराणी मुळात घोड्यांची खोगिरं शिवायची, हे ती अशा थाटात सांगायची की जणू तिचं माहेरच ते. देवळात चामडं नेत नाहीत म्हणून आम्ही सगळ्या पर्सा बाहेर ठेवायचो. ती मात्र बॅग पोटाशी धरून पायरीवरच बसायची. चल म्हटलं तर म्हणे, "जा तुम्ही. माझं आत काही अडलेलं नाही."

बॅगांवर ती तासभर बोलेल, पण माहेरचा विषय निघाला की गप्प. लग्नकार्यात कुणी विचारलंच, वडील काय करायचे हो, तर "नोकरीत होते" एवढं पुटपुटून ती समोरच्या बाईची पर्स हातात घेई. ही गोष्ट तिला कुठल्याही परिस्थितीत उघड होऊ द्यायची नाहीये, हे मला ठाऊक होतं. कारण मात्र ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी कधी विचारलंही नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचा साखरपुडा होता. मुलाच्या आत्याबाई भारी बॅग घेऊन आल्या होत्या, आणि ऐन फोटोच्या वेळी तिचा बंद उसवला. आत्याबाई रडकुंडीला आल्या. माझ्या मैत्रिणीने आपल्या पर्समधून एक चपटी डबी काढली. तिच्यात चामड्याला भोक पाडायची आरी होती, मेण लावलेला दोरा होता आणि दोन सुया. मग पैठणी नेसलेली ही बाई हॉलच्या फरशीवर खाली बसली, बॅग दोन गुडघ्यांत घट्ट धरली आणि शिवू लागली. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, दोन्ही एकाच भोकातून समोरासमोर निघायच्या. "अशा टिपेचा एक टाका तुटला ना, तरी शेजारचा सुटत नाही," ती मान वर न करता म्हणाली. आजूबाजूला बायकांचं कोंडाळं झालं.

"कमाल आहे हो तुमची!" आत्याबाई म्हणाल्या. "कुठे शिकलात? इटलीला?"

मला वाटलं, आता "हौस म्हणून" असं काहीतरी म्हणून ती विषय उडवेल. तिने शेवटचा टाका ओढला, दोरा कापला.

"वडिलांकडे. स्टेशनबाहेर पुलाखाली बसायचे. चपला शिवायचे."

"हो का," म्हणत आत्याबाईंनी बॅग घेतली आणि त्या जेवणाच्या ताटांची चौकशी करू लागल्या.

मी तिला हॉलच्या पायऱ्यांवर गाठलं. ती सुया डबीत ठेवत होती. आमच्या ऑफिसजवळच्या स्टेशनबाहेर, पुलाखाली बसणारे ते म्हातारे मला आठवत होते. कितीतरी वर्षं माझ्या चपला तेच शिवायचे.

"तुझ्या सँडलचा अंगठा सारखा तुटायचा," तीच म्हणाली. "उजव्या पायाचा. बाबा म्हणायचे, ही बाई एका पायावर जोर देऊन चालते."

"तुला माहीत होतं? मी त्यांच्याकडे जायचे ते?"

"एका शनिवारी मी त्यांचा डबा घेऊन येत होते. तू तिथे उभी होतीस. तशीच मागे फिरले गं. बाबा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उपाशी होते." मग ती म्हणाली, "घरी आल्यावर बोलले काहीच नाहीत. त्यांनी मला पाहिलं होतं."

मी तिचा हात धरला. त्या माणसापुढे मी चप्पल कशी ठेवायचे, ते मला आठवलं. वाकायचेसुद्धा नाही. पायानेच पुढे सरकवायचे. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज तिला सांगण्याचंही धाडस झालं नाही. मी एवढंच विचारलं, "बाबांचं नाव काय गं?"

तिने सांगितलं. आधी त्यांचं, मग त्यांच्या वडिलांचं, मग आडनाव आणि कोकणातलं गाव, सगळं सावकाश. बाबांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.